पॅनेलच्या पाठीची वीज: डीलरचे २५ टक्के आणि आमच्या गच्चीवरचे ७

आधीच सांगून टाकतो, सोलर पॅनेल चांगली आहेत. परत घ्यायची वेळ आली तर हीच घेईन, पण ज्या कारणासाठी मला विकली गेली त्या कारणासाठी नाही. कारण वेगळंच निघालं, ते पुढे येईल. मधे बरीच मोजामोजी आहे, कंटाळा आला तर सरळ चुन्याच्या भागावर जा.

आमचं घर देवगड तालुक्यात, समुद्र सरळ रेषेत दीडेक किलोमीटरवर. घर चिऱ्याचं, पुढच्या अंगाला कौलं आणि मागे नंतर बांधलेली गच्ची. खाली पडवीत एप्रिल-मेमध्ये आंब्याचं पॅकिंग चालतं, तेव्हा पंखे, पंप, दोन फ्रीज, कामाला आलेल्या माणसांचे मोबाइल, सगळं एकदम, आणि बिल बघून घाम फुटतो तो वेगळाच. म्हणून सोलर घ्यायचं ठरलं. ५७५ वॉटची आठ पॅनेल, टॉपकॉन नावाच्या नव्या जातीच्या सेलची, दोन्हीकडून काच असलेली बायफेशियल, म्हणजे पाठीवर पडलेल्या उजेडाची पण वीज बनवणारी, ५ किलोवॉटचा इन्व्हर्टर. त्याला दोन एमपीपीटी आहेत म्हणजे चार-चार पॅनेलच्या दोन वेगळ्या लाइनी, हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे. पीएम सूर्यघर योजनेची ७८,००० ची सबसिडी हवी होती म्हणून पॅनेल डीसीआरवाली, म्हणजे सेलसकट देशात बनलेली. कंपनीचं आणि डीलरचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण जे झालं ते कुठल्याही दुकानात होतं.

डीलरने काय केलं, तर डेटाशीट पुढे ठेवली. त्यात एक छोटा तक्ता असतो, मागून ५ टक्के मिळाले तर ६०४ वॉट, १५ टक्के मिळाले तर ६६१, २५ टक्के मिळाले तर ७१९. त्याचं बोट थेट ७१९ वर. म्हणजे ५७५ च्या पैशात ७१९ चं पॅनेल, साहेब, आठ पॅनेल घेताय पण दहा घेतल्यासारखं. आता तो तक्ता नीट वाचला तर त्यात २५ टक्के मिळतील असं कुठेच लिहिलेलं नसतं, मिळाले तर किती वॉट होतील एवढाच तो हिशोब आहे. पण दुकानात बसून चहा पिताना कोण वाचतो.

मग डेमो. दुकानामागच्या जागेत एक पॅनेल उन्हाकडे तोंड करून ठेवलं, मल्टिमीटर लावला, ४८ व्होल्ट. मग तेच पॅनेल फिरवून तोंड भिंतीकडे, पाठ उन्हाकडे, परत मीटर, साडेसत्तेचाळीस. बघा साहेब, अर्ध्या व्होल्टचा फरक! मी मान डोलावली. सोबत आलेल्या शेजारच्या काकांनी मात्र नाही डोलावली, ते म्हणाले, "मागसून वीज? मागसून येता तो घाम रे." आम्ही हसलो आणि ऑर्डर दिली.

काका शास्त्र शिकलेले नाहीत पण त्यांचा संशय बरोबर होता.

पॅनेल घरी आली आणि स्ट्रक्चरवाल्यांनी आठ दिवस लावले यायला. त्या आठ दिवसांत भाचा आला होता, तो आयटीआय झालेला इलेक्ट्रिशियन, त्याला मी मोठ्या कौतुकाने व्होल्टचा किस्सा सांगितला. तो म्हणाला मामा, व्होल्ट काय बघताय, अँपिअर बघा. मग त्याने एका पॅनेलचं तोंड जाड कपड्याने पूर्ण झाकलं, पाठ खाली खळ्याकडे (अंगणाला आम्ही खळं म्हणतो), म्हणजे जसं वर बसणार तसंच, आणि मीटर लावला. ४५ व्होल्ट! पुढून काहीच ऊन नाही, मागून फक्त जमिनीवरून परतलेला उजेड, तरी ४५.

म्हणजे व्होल्टेज बघून काहीच कळत नाही. उजेड दहा पटीने कमी झाला तरी पॅनेलचे व्होल्ट जेमतेम चार-पाचने उतरतात, अँपिअर मात्र सरळ उजेडाच्या प्रमाणात पडतात, उजेड दहावा हिस्सा तर अँपिअर पण दहावा हिस्सा. आमच्याकडे डोंगरातल्या झऱ्याला पाइप लावून पाणी आणतात तसंच समजा, एप्रिलमध्ये पण झरा तेवढ्याच उंचीवर असतो, पण नळाला पाणी करंगळीएवढं. डीलरने मला झऱ्याची उंची दाखवली होती. आणि वरून पाठ थेट उन्हाकडे करून दाखवली होती, जी गच्चीवर बसवल्यावर जन्मात उन्हाकडे होणार नाही, अगदी उन्हाळ्यात सूर्य थोडा उत्तरेला सरकून उगवतो-मावळतो तेव्हा सकाळ-संध्याकाळची थोडी मिनिटं सोडली तर.

तर मग आम्ही दोघांनी अँपिअर मोजायचं ठरवलं, आणि खरी गंमत इथे सुरू झाली.

पहिली चूक, गावातल्या एका वायरमनचा क्लॅम्प मीटर आणला. शून्य. परत शून्य. पॅनेल खराब आलं म्हणून मी डीलरला फोन लावायच्या बेतात, तेवढ्यात भाच्याच्या लक्षात आलं की हा मीटर फक्त एसीचा, डीसी त्याला दिसतच नाही. डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर वेगळा येतो आणि महाग असतो, तो त्याने मित्राकडून मागवला, त्यात दोन दिवस गेले.

दुसरी चूक, पुढची बाजू झाकायला निळी ताडपत्री टाकली. मागचे अँपिअर आले ३.४! मी खूश, काका पण गप्प झाले थोडे. मग सहज ताडपत्रीवर घोंगडी टाकली तर आकडा धपकन १.१ वर. म्हणजे ताडपत्रीतून ऊन आरपार येत होतं आणि पुढच्याच बाजूने वीज बनत होती. तुम्ही कधी असलं मोजलंत तर झाकण म्हणजे खरंच काळोख पाहिजे, घोंगडी किंवा जुनी गोधडी दुपदरी, कडा पण दाबून.

तिसरी गोष्ट चूक नाही, युक्ती आहे. एक-सव्वा अँपिअर एवढा लहान आकडा क्लॅम्प मीटरवर नाचतो, मीटर नुसता फिरवला तरी बदलतो. मग वायरचे पाच वेढे क्लॅम्पच्या जबड्यातून घ्यायचे, आकडा पाचपट दिसतो, त्याला पाचने भागायचं. आमचं ५.६ आलं, म्हणजे १.१२. आणि दरवेळी मोजायच्या आधी मीटर शून्यावर आणायचा.

हे सगळं शॉर्ट सर्किट करंटचं मोजमाप आहे, म्हणजे पॅनेलच्या प्लस-मायनस वायरी एकमेकींना जोडून. एका सुट्या पॅनेलला असं केलेलं चालतं, पॅनेल तेवढं सहन करायलाच बनवलेलं असतं, पण जोडताना आणि सोडताना पॅनेल दोन्ही बाजूंनी झाकलेलं पाहिजे. उजेडात चालू करंटचा एमसी-४ कनेक्टर ओढलात तर ठिणगी नाही, जाळ निघतो, डीसीची ठिणगी विझत नाही लवकर. आणि गच्चीवर जोडून झालेल्या लाइनीला हा खेळ अजिबात करू नका, आमच्या चार पॅनेलच्याच लाइनीत दोनशेच्या आसपास व्होल्ट आहेत, मोठ्या लाइनीत चारशे-पाचशेच्या पण पुढे जातात. वर बसवल्यानंतर पॅनेलची पाठ मोजायची असेल तर ज्याला त्यातलं कळतं त्याला बोलवा.

आता आकडे. नोव्हेंबरातली दुपार, आकाश स्वच्छ, पॅनेल दक्षिणेकडे १५ अंश कललेलं, जमिनीपासून तीन फूट वर. मागची बाजू काळ्या कपड्याने झाकून नुसती पुढची बाजू, १२.३ अँपिअर. पॅनेल उलटं करून पाठ उन्हाकडे आणि तोंड झाकून, ९.८. भागाकार केला तर ८० टक्के जवळजवळ, आणि डेटाशीटवर बायफेशियॅलिटी ८० टक्केच लिहिलेली आहे. म्हणजे कंपनी खोटं बोललेली नाही. जुन्या पर्क सेलच्या बायफेशियलला हा आकडा ७० च्या आसपास असतो, टॉपकॉनला ८०, त्यामुळे घेताना हा एक आकडा जरूर बघा. पण त्याचा अर्थ नीट समजून घ्या, तो एवढंच सांगतो की समोरून जेवढा उजेड पडला तेवढाच पाठीवर पडला असता तर ८० टक्के वीज आली असती. पाठीवर उजेड किती पडणार हे कंपनी सांगूच शकत नाही, ते तुमची जमीन ठरवते. खुद्द आंतरराष्ट्रीय चाचणीत बायफेशियलचा जो लेबलवरचा आकडा काढतात त्यात समोरून दर चौरस मीटरला १००० वॉट आणि मागून १३५ वॉट उजेड धरलेला असतो. तेरा-चौदा टक्के. डीलरचे २५ टक्के कुठल्या जमिनीवर येतात ते डीलरलाच माहीत, बर्फावर येत असतील.

मग पॅनेल तसंच खाली ठेवून, पाठ जमिनीकडे, तोंड घोंगडीखाली, आणि खालची जमीन बदलत गेलो. शेणाने सारवलेलं खळं, १.१. बाजूला गवत होतं तिथे नेलं, १.२ (मला वाटलं होतं हिरवं म्हणजे कमी येईल, उलट खळ्याच्या बरोबरीने आलं). रिकाम्या चिऱ्यांची रास पसरलेली होती, तांबडा जांभा, तिथे पण १.२ च. मग आईने लग्नाच्या मंडपाचं पांढरं कापड काढून दिलं, १२ बाय १५ फुटी, ते अंथरलं, २.६! सव्वादोन पटीहून जास्त, आणि पॅनेल तेच, ऊन तेच.

उंचीचं पण करून बघितलं. त्याच खळ्यावर सहा इंचावर ०.३५, एक फुटावर ०.६, तीन फुटांवर १.१, पाच फुटांवर १.३. तीन फुटांनंतर फारसं हाती लागत नाही. पॅनेल खाली असलं की स्वतःच्याच सावलीकडे तोंड करून बसल्यासारखं होतं, त्याला उन्हातली जमीन दिसतच नाही. या सगळ्या खटाटोपात हेच मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं, पॅनेलच्या खालची सावलीतली जमीन कामाची नाही, आजूबाजूची उन्हातली जमीन कामाची.

३२ किलोचं काचेचं धूड, सहा फुटांपेक्षा जास्त लांब, आंब्याच्या पेट्यांच्या हातगाडीवरून आम्ही तीन दिवस खळ्यात फिरवत होतो. रस्त्यावरून जाणारी माणसं थांबून बघायची. एकाने विचारलं पॅनेल चरायला सोडलंय काय.

मग स्ट्रक्चरवाले आले. मी सांगितलं तीन फूट उंची पाहिजे मागच्या पाठीला, ते म्हणाले वारा. वाऱ्याचं त्यांचं म्हणणं बरोबर आहे, देवगडात पवनचक्क्या उगाच नाही उभ्या केल्या, आणि २०२१ च्या मेमध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याला घासत गेलं तेव्हा आमची सात कलमं मुळासकट आडवी झाली होती. उंच पॅनेल म्हणजे शिडाची होडी. शेवटी पुढून दोन फूट, मागून साडेतीन, जास्तीचे तिरके आधार, पायाला सिमेंटचे ठोकळे गच्चीच्या सळईत अँकर करून, हॉट डिप गॅल्व्हनाइज्ड पाइप आणि बोल्ट एसएस ३१६ चे. ३०४ चे स्वस्त पडतात पण समुद्राजवळ त्यांना पण तांबूस डाग धरतात, हे आमच्या गेटच्या बिजागऱ्यांवरून माहीत होतं. जास्तीचा खर्च मला लागला, डीलरने फुकट काही दिलं नाही.

पण एक गाढवपणा त्यांनी केलाच, आणि तो मी लगेच बघायला हवा होता. आडवी पट्टी पॅनेलच्या पाठीवरून बरोबर सेलच्या ओळींवरून नेली आणि सगळ्या वायरी एकत्र बांधून पाठीमागेच लोंबकळत सोडल्या. साध्या पॅनेलला चालतं कारण पाठीला काही कामच नाही, पण ज्या पाठीसाठी जास्त पैसे घेतले तिच्यावरच सावली? फोटो पाठवला तर डीलर म्हणतो त्याने काही होत नाही. काही होत नाही तर मग मागच्या बाजूचे पैसे कशाचे घेतलेत, असं विचारल्यावर माणसं पाठवली. पट्ट्या आता कडेच्या फ्रेमला धरून आहेत आणि वायरी पाइपला बांधल्यात. एक पट्टी राहिली ती राहिलीच.

जोडायच्या आधी वर पण एकेक पॅनेल मोजलं. गच्चीचा जुना करडा सिमेंट कोबा, कडेच्या पॅनेलला मागून १.२, मधल्यांना ०.८. मधल्यांच्या दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांची सावली, त्यांना उन्हातली जमीन कमी दिसते. एका लाइनीत जोडले की सगळ्यांना साधारण सगळ्यात अशक्ताच्या चालीने चालावं लागतं, त्यामुळे कडेवाल्याचं जास्तीचं सगळंच काही पदरात पडत नाही.

हे झाले अँपिअर. बिल अँपिअरवर येत नाही, युनिटवर येतं. म्हणून दोन लाइनी वेगळ्या असल्याचा फायदा घेतला. आधी आठवडाभर दोन्ही लाइनी जशाच्या तशा ठेवून इन्व्हर्टरच्या अ‍ॅपमधले युनिट लिहिले, फरक एक टक्क्याच्या आत, म्हणजे दोघी सारख्या. मग जानेवारीत एका लाइनीच्या पाठीला मल्चिंग पेपर बांधला, कलिंगडाच्या वाफ्यांना घालतात तोच, पॅनेलपासून चार बोटं अंतर सोडून, नाहीतर हवा कोंडून पॅनेल तापलं असतं आणि तो फरक पण पाठीच्या नावावर गेला असता. (पहिल्यांदा चंदेरी बाजू पॅनेलकडे केली होती. सेलच्या फटींतून आलेलं ऊन ती परत पाठीवर फेकणार हे दुसऱ्या दिवशी डोक्यात आलं, मग काळी बाजू आत केली.)

दहा दिवस. पाठ उघडी असलेली लाइन ९८.६ युनिट, पाठ झाकलेली ९२.१. म्हणजे ७ टक्के. करड्या सिमेंटच्या गच्चीवर, तीनेक फूट उंचीवर, आमच्या हवेत, सात.

सात म्हणजे कमी का? दोन्ही लाइनी मिळून रोजचा सव्वा युनिट, म्हणजे एक फ्रीज पाठीवर चालला. पॅनेल साध्यापेक्षा वॉटमागे दीडेक रुपया महाग पडली होती, तेवढ्याच्या मानाने मी नाराज नाही. नाराज आहे तो ७१९ वर ठेवलेल्या बोटावर.

आता चुना. फेब्रुवारीत गच्चीला चुन्याचे दोन हात मारले, पॅनेलच्या खाली तर मारलेच पण मुख्य म्हणजे आजूबाजूला जिथे दिवसभर ऊन असतं तिथे. परत दहा दिवस तोच प्रयोग, आणि या वेळी पेपर दुसऱ्या लाइनीला बांधला, उगाच शंका नको. उघडी ११६.३, झाकलेली १०३.९. बारा टक्क्यांना थोडं कमी! एक पोतं चुना आणि एक दिवसाची मजुरी यात पाठीची वीज सातावरून बारावर. गच्चीखालची खोली पण दुपारी कमी तापायला लागली, ते फुकट. डीलरने पॅनेलच्या गोष्टी तासभर सांगितल्या, चुन्याचा च नाही काढला, कारण चुना तो विकत नाही.

पण हे कोकण आहे. जूनमध्ये पाऊस धरला आणि गच्चीवर पंधरा दिवसांत हिरवट, महिन्यात काळं. जुलैअखेर चुना होता का नव्हता कळेना, शेवाळाने सगळं भरलं, आणि ओला पृष्ठभाग तसाही काळाच दिसतो. ऑगस्टमध्ये एका ढगाळ दुपारी भाच्याला बोलावून एक पॅनेल सोडवून परत मोजलं, पुढून ३ अँपिअर, मागून ०.३. आता गंमत बघा, टक्का काढला तर १० येतो, म्हणजे जानेवारीपेक्षा चांगला! ढगाळ हवेत उजेड सगळीकडून सारखा येतो, पॅनेलखाली कडक सावली पडत नाही, त्यामुळे पाठीचा वाटा वाढतो. पण ३ अँपिअरचे दहा टक्के घेऊन करायचं काय. कोणी तुम्हाला म्हणालं की बायफेशियल पावसाळ्यात जास्त फायद्याचं तर टक्का खरा आहे, वीज नाही.

गणपतीच्या आधी घराला रंग निघाला तेव्हा गच्ची घासून घेतली. या वेळी चुन्याऐवजी वॉटरप्रूफिंगचा पांढरा रंग मारलाय, महाग आहे, किती पावसाळे टिकतो ते बघायचंय.

कणकवलीचा चुलत भाऊ हे सगळं ऐकून बायफेशियल घ्यायला निघाला होता. त्याच्याकडे गच्चीवर गळतीसाठी पत्र्याची शेड आहे, आता कोकणात निम्म्या घरांवर असते तशी, आणि पॅनेल बसणार पत्र्यावर चार इंचावर. त्याला सांगितलं, मागची वीज विसर, चार इंचावर पाठीला काय दिसणार, निळा पत्रा आणि स्वतःची सावली. त्याच्या डीलरने पण त्याला पंचवीस टक्केच सांगितले होते! पत्र्यावर! तरीसुद्धा घे म्हटलं, आणि हेच ते कारण, ज्यासाठी मी परत हीच पॅनेल घेईन. साध्या पॅनेलच्या पाठीला प्लॅस्टिकचा थर असतो, आमच्या दमट खाऱ्या हवेत वर्षानुवर्षं ओल त्यातून आत झिरपत राहते. या पॅनेलना मागून पण काच, काचेतून ओल जात नाही, कडा आणि जंक्शन बॉक्स तेवढे सांभाळले की झालं. ज्याच्या घरी लोखंडी खिडकी पाच वर्षांत कुजते त्याला हा फायदा समजावून सांगायला लागत नाही. डेटाशीटवर मीठ-धुक्याची चाचणी, आयईसी ६१७०१, केलेली आहे का ते बघायचं, आमच्यावर होती. दुकानात यातलं अवाक्षर कोणी बोललं नव्हतं. वजन मात्र जास्त पडतं, पत्र्याचे पाइप जुने असतील तर आधी ते बघा.

पाठ पुसायची का, हा प्रश्न मला तिघांनी विचारला. पुढची बाजू पाऊस धुतो, मागची कोणी धुवत नाही, आणि समुद्राकडून येणारी ती चिकट खारट ओल बसते, वर कोळ्यांची जाळी, एका पॅनेलच्या कोपऱ्यात कुंभारमाशीने मातीचं घर बांधलं होतं. मी एक पॅनेल पुसून आणि एक न पुसता मोजलं, फरक मीटरच्या चुकीतच बुडाला. जाळी काढतो, बाकी सोडून दिलंय.

डीलरची सर्व्हिस पाचपैकी अडीच. सबसिडीची आणि नेट मीटरची कागदपत्रं त्याने नीट केली, फोन उचलतो, पण पाठीबद्दल बोलायला लागलं की त्याला दुसरा कॉल येतो. पॅनेलना साडेचार. अर्धा त्या तक्त्यासाठी कापला, २५ टक्क्यांचा रकाना छापताना खाली एक ओळ टाकता आली असती की कुठल्या जमिनीवर.

एप्रिल लागला तसा गच्चीवरच्या आकड्याने परत थोडी मान टाकलीय, ऊन तर कडक आहे. काल वर जाऊन बघितलं तर पॅनेलच्या दक्षिणेला, बरोबर त्या पांढऱ्या पट्ट्यात जिथे दिवसभर ऊन असतं, आईने चार चटया भरून सोलं वाळत घातलीत, कोकमाच्या रसात तीन-तीनदा बुडवलेली, काळी मिट्ट. मी म्हटलं आई, ही जरा पलीकडे घातलीस तर, ही पांढरी जागा विजेला लागते. आईने वर पॅनेलकडे बघितलं, मग माझ्याकडे. "मगे सोलां खंय सुकत घालू, तुझ्या टकलेर?"

सोलं अजून आठवडाभर तिथेच आहेत.